इशारा मराठीतला, इशारा उर्दूतला

सोमवारी पहिल्याच तासाला पाचवीतल्या एका मुलाने वही पुढे केली. शनिवारी वाटलेल्या शब्दसूचीची पहिली दोन पाने त्याने घरून तीनदा उतरवून आणली होती. अक्षर देखणे होते. पण ‘लड़का’ या उर्दू शब्दात लामनंतर एका अक्षराएवढी जागा कोरी, मग काफ आणि अलिफ. ‘रोटी’त रे, वाव, पुन्हा कोरी जागा, शेवटी ये. पानभर असेच. मी विचारले, “बेटा, बीच में जगह क्यूँ छोड़ी?”

“सर, मैं समझा ख़ाली जगह पुर करना है.”

मी छापील पुस्तिका उघडली. त्याने एकही चूक केली नव्हती, छापलेलेच तसे होते. साठ प्रती, प्रत्येक प्रतीत ४८ पाने आणि प्रत्येक घरातून आलेले चाळीस रुपये. वर्गातल्या बाकीच्यांनीही ती पाने पाहिली होती, पण कोणी काही बोलले नाही. छापलेले चुकीचे असू शकते हे दहा वर्षांच्या मुलाला आपण शिकवतच नाही.

उर्दूत अशा वेळी ‘सहव-ए-कातिब’ म्हणतात. म्हणजे लिहून देणाऱ्याची चूक, लेखकाची नव्हे. मराठीत ‘मुद्राराक्षसाचा विनोद’ म्हणतात. दोन्ही भाषांत दोष ढकलायला कोणीतरी तिसरा तयार आहे. इथे मात्र कातिब मी, मुद्रकही मी आणि राक्षस असलाच तर तोही मीच. तो कसा, ते सांगतो. कारण या गोष्टीत यंत्र फार थोडे आहे आणि आपली एक सवय फार आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. आमच्या मुलांसाठी नऊशे शब्दांची उर्दू-मराठी सूची मी दरवर्षी काढतो. नेहमीच्या लेखन-सॉफ्टवेअरमध्ये ती करून पाहिली होती. एकाच ओळीत उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून आली की कंस आणि स्वल्पविराम कुठेही जाऊन बसायचे. म्हणून काही वर्षांपूर्वी दुसरी वाट धरली. शब्द एका साध्या फाइलमध्ये ठेवायचे. पायथन भाषेतला छोटा प्रोग्राम ते अलिफ-बे क्रमाने लावतो. मग झीटेक हे अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर त्याची पीडीएफ करते. ही कामे ओळीने करवून घेतो तो मुकादम म्हणजे ‘मेक’. मी ‘मेक’ एवढाच शब्द टाइप करतो आणि चहा टाकतो.

या मेकची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. १९७६ साली बेल लॅबमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो लिहिला. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एक सकाळभर आपल्या प्रोग्राममधली चूक शोधत बसले होते. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केलेली होती, पण दुरुस्त केलेली फाइल नव्याने कंपाइल करायची राहून गेली होती. म्हणजे जुनाच माल पुन्हा पुन्हा तपासणे चालले होते आणि तसे सांगणारे कोणी नव्हते. हा घोटाळा टाळण्यासाठी मेक आला. कोणती फाइल कधी बदलली हे तो पाहतो आणि लागेल तेवढेच काम पुन्हा करतो. पण एक पायरी नीट पार पडली की नाही हे ठरवताना तो फक्त त्या प्रोग्रामने परत दिलेला आकडा बघतो. शून्य म्हणजे ठीक, दुसरे काहीही म्हणजे चूक. पानावर काय उमटले ते वाचणे त्याच्या कामात बसत नाही. ते वाचणाऱ्याचे काम आहे आणि वाचणारा चहा टाकत होता.

शुक्रवारी रात्री मी लॅपटॉपवरच्या लिनक्सची नवी आवृत्ती चढवली. तासाभराने यंत्राने शेवटचा प्रश्न विचारला : आता लागत नाहीत अशी जुनी पॅकेजेस काढून टाकू का? खाली यादी होती. मी यादी न वाचता ‘हो’ म्हटले. रिक्षात बसताना मीटर बघतो तेवढेही लक्ष मी त्या यादीकडे दिले नाही.

मग मेक चालवला. काम अडले. पडद्यावर एकच ओळ : अमुक ओळीवरची पायरी फसली, एरर १. एवढेच. का फसली, कुठे फसली, काही नाही. बऱ्याच जणांची इथेच फसगत होते. मेकची शेवटची ओळ म्हणजे ‘काम थांबले’ एवढा निरोप असतो. कारण त्याच्या वर असते, आणि खाली चुकांची रांग लागलेली असली तरी बहुधा पहिलीच खरी असते. बाकीच्या तिची पिल्ले. मी ओळी वर सरकवून पाहू लागलो तर वर काहीच नव्हते.

का नव्हते? कारण मीच तोंड बांधून ठेवले होते. दोन-अडीच वर्षांपूर्वी पायथनचा एक इशारा दर वेळी पडद्यावर येऊ लागला होता. त्याची कटकट नको म्हणून मी त्या प्रोग्रामची सगळी तक्रार ‘डेव्ह-नल’कडे वळवली होती. डेव्ह-नल म्हणजे लिनक्समधली बिनबुडाची विहीर. तिच्यात टाकलेले परत येत नाही. ती वळवणारी तुकडा-ओळ काढली आणि कारण लगेच समोर आले : ‘डिस्टयुटिल्स’ नावाचे मॉड्यूल सापडत नाही.

डिस्टयुटिल्स हा पायथनबरोबर वर्षानुवर्षे येणारा जुना संच. एक फोल्डर दुसरीकडे उतरवण्यासाठी मी त्यातले एक फंक्शन वापरत होतो, तेही कुठून तरी उचललेले. पायथनच्या ३.१० या आवृत्तीत, २०२१ साली, हा संच कालबाह्य ठरवला गेला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून तो काढून टाकला गेला. माझ्या जुन्या लिनक्सवर ३.१० होते, नव्यावर ३.१२ आले. यात दगाफटका कसला? उलट, जो इशारा मी विहिरीत ढकलत होतो त्यात आवृत्तीचा आकडासुद्धा लिहिलेला होता : हा संच ३.१२ मध्ये जाणार आहे, आत्ताच बदला. म्हणजे घरमालकाने तारीख घालून नोटीस दिली होती आणि मी ती न उघडता उशीखाली ठेवली होती. दुरुस्ती दोन ओळींची निघाली. पायथनमध्येच ‘शटिल’ नावाचा दुसरा संच आहे, त्यातल्या फंक्शनने तेच काम होते.

इथे मला माझ्या दोन भाषांमधली एक गंमत आठवते. ‘इशारा’ हा शब्द मराठीत आणि उर्दूत एकच, पण वजन वेगळे. मराठीत इशारा म्हणजे धोक्याची सूचना. पावसाळ्यात किनाऱ्यावर इशाऱ्याचा बावटा लागतो, तो असा. उर्दूत इशारा म्हणजे खूण, डोळ्यांनी केलेली, हाताने केलेली. कळली तर कळली. धोक्याच्या सूचनेला उर्दूत ‘तंबीह’ म्हणतात, आणि तीच मराठीत ‘तंबी’ होऊन आली आहे. संगणक जेव्हा वॉर्निंग देतो तेव्हा तो मराठीतला इशारा असतो. मी तो उर्दूतला समजून चालत होतो. कोणीतरी लांबून काही खुणावतेय, असू दे, काम तर होतेय.

डिस्टयुटिल्सची चूक ओरडली, म्हणून अर्ध्या तासात सुटली. मी खूश झालो. मेक पुन्हा चालवला. सगळ्या पायऱ्या पार पडल्या. पीडीएफ लिहिली गेली, ४८ पाने. दरवर्षी ४८च असतात. पहिले पान उघडून पाहिले. शाळेचे नाव मराठीत, खाली इयत्ता, सगळे जागच्या जागी. फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि शनिवारी सकाळी झेरॉक्सच्या दुकानात दिली. तिथून आलेले गठ्ठे तसेच वर्गात वाटले.

खरी चूक याच ४८ पानांत होती आणि ती गप्प बसली होती.

झाले होते असे. शुक्रवारी मी ‘हो’ म्हणून काढून टाकलेल्या पॅकेजांत माझा नस्तालीक फॉन्ट होता. फॉन्ट सापडला नाही तर झीटेक सरळ अडून बसते. पण शाळेतल्या एका जुन्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, म्हणून मी कधीतरी एक अट लिहून ठेवली होती : नस्तालीक सापडला तर तो घे, नाहीतर हा दुसरा नस्ख फॉन्ट घे. दुसरा फॉन्ट अरबी-फारसीसाठी बनवलेला. त्यात उर्दूची खास अक्षरे नव्हती. अक्षर नसेल तिथे बरेच फॉन्ट एक चौकोन तरी दाखवतात. माझ्या त्या फॉन्टात ‘सापडले नाही’ची आकृतीच कोरी होती. पानावर वीस शब्द आणि ओळीची उंची मीच बांधून दिलेली, त्यामुळे पानांची संख्या बदलायचे कारणच नव्हते. ज्या आकड्यावर मी विसंबलो तो चूक असो वा बरोबर, ४८च राहणार होता.

झीटेकने मात्र आपले काम चोख केले होते. प्रत्येक गहाळ अक्षराची एक ओळ त्याने लॉगफाइलमध्ये लिहून ठेवली होती : अमुक अक्षर अमुक फॉन्टात नाही. सोमवारी दुपारी मी त्या ओळी मोजल्या. सहाशेच्या वर भरल्या. पडद्यावर एकही आली नव्हती, कारण झीटेकलाही मी ‘बॅचमोड’ म्हणजे मुक्याने काम करायला सांगून ठेवले होते.

कोणती अक्षरे गळाली, त्यांची यादी काढली आणि थोडा वेळ तिच्याकडे बघत बसलो. टे. डाल. ड़े. नून गुन्ना. बडी ये. छोटी हे. यातली पहिली तीन कोण आहेत? अरबीत आणि फारसीत ट, ड, ड़ हे उच्चारच नाहीत. ती लिपी या मातीत आली तेव्हा इथल्या तोंडातल्या मूर्धन्य ध्वनींसाठी जुन्या अक्षरांच्या डोक्यावर छोटा ‘तोए’ बसवून ही तीन अक्षरे घडवली गेली. म्हणजे ‘रोटी’तला ट, ‘डब्बा’तला ड, ‘लड़का’तला ड़. मराठी तोंडालाही ओळखीचे असलेले हे आवाज. आम्ही दोन्ही भाषा शिकवणारे लोक ज्या पुलावरून रोज ये-जा करतो त्या पुलाच्याच या फळ्या. यंत्राने उर्दूला अरबीच्या मापाचा अंगरखा चढवला आणि नेमका तिचा इथला भाग बाहेर राहिला.

यंत्राच्या मनात काही नव्हते, हे मला कळते. ती अट मीच लिहिली होती. पण उर्दू म्हणजे अरबीच, थोडी इकडेतिकडे, हा समज मी अनेक चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे, मुसलमानांच्या आणि बिगरमुसलमानांच्याही. त्या समजाची किंमत कागदावर मोजून दाखवता येईल असे मला कधी वाटले नव्हते. ती सहाशे अक्षरांच्या वर निघाली.

मराठीलाही हा धोका आहे, म्हणून मराठी वाचकांनी हसू नये. हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेल्या जुन्या फॉन्टांत ‘वऱ्हाड’ आणि ‘दऱ्या’ यांतला अर्धा र नीट उमटत नसे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्याआधीच्या फॉन्टांत ते असण्याचा प्रश्नच नाही. शासनमान्य वर्णमालेतला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असेल तर फॉन्टात ती सोय असावी लागते, आणि भाषा मराठी आहे असे सॉफ्टवेअरला सांगावेही लागते. न सांगितल्यास ते हिंदी वळणाची अक्षरे घेते आणि चूक झाली असे कुणालाही कळवत नाही. कारण त्याच्या लेखी ती चूकच नसते.

योगायोग असा की, झीटेकमध्ये अक्षरांना अक्षरे जोडून देणाऱ्या आतल्या भागाचे नाव ‘हार्फबझ’ आहे. ‘ओपनटाइप’ या फॉन्टच्या पद्धतीच्या नावाचे ते फारसी रूप : हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडे. उर्दूच्या मास्तराला हे नाव वाचून बरे वाटते. पण अक्षर उघडे असून भागत नाही, डोळे उघडे असावे लागतात.

आता माझे म्हणणे. अपग्रेडनंतर काम अडले तर लोक वैतागतात. मला वाटते, अडलेले काम ही चांगली बातमी आहे. ओरडणारी चूक आपला वेळ खाते, गप्प बसणारी चूक दुसऱ्याचा. डिस्टयुटिल्सने माझा अर्धा तास घेतला. फॉन्टने साठ मुलांचे शनिवार-रविवार घेतले. आणि ती चूक गप्प बसली कारण मी वेगवेगळ्या वेळी, प्रत्येक वेळी सोय म्हणून, तिच्या तोंडावर हात ठेवला होता. तक्रारी विहिरीत सोडल्या, झीटेकला मुके केले आणि ‘नसेल तर दुसरा घे’ अशी पळवाट लिहिली. तिसरे सगळ्यात वाईट. हवी ती वस्तू नसताना गुपचूप दुसरी देणारा दुकानदार आपण बदलतो, मग प्रोग्राममध्ये तोच का पाळायचा?

यावर एक रास्त आक्षेप आहे. झीटेकची लॉगफाइल हजारो ओळींची असते. ओळ मावली नाही, रकाना किंचित बाहेर गेला, अशा किरकोळ कुरकुरींनी भरलेली. रोज कोण वाचणार? रोज वाचू नये. पण अपग्रेडच्या आधी एकदा काम चालवून ती लॉगफाइल बाजूला ठेवावी. अपग्रेडनंतर पुन्हा चालवावी आणि दोन्ही फाइलींमधला फरक ‘डिफ’ने काढावा. जुन्या कुरकुरी दोन्हीकडे सारख्याच असतात, त्या आपोआप गळतात आणि नवीन तेवढ्या उरतात. मी हे शनिवारी केले असते तर गहाळ अक्षरांच्या त्या ओळी पहिल्याच पडद्यावर दिसल्या असत्या.

बाकी दुरुस्त्या छोट्या आहेत. ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही आज्ञा तयार पीडीएफमध्ये कोणते फॉन्ट खरोखर गेले ते सांगते, त्यात नस्तालीकचे नाव नाही म्हणजे थांबायचे. ‘एफसी-लिस्ट’ला उर्दू भाषेची अट घातली की उर्दूची सगळी अक्षरे असलेले फॉन्टच यादीत येतात. टेकमध्ये ‘ट्रेसिंगलॉस्टकॅर्स’ नावाची एक किल्ली आहे. २०२१ पासून तिची किंमत ३ केली की गहाळ अक्षर ही नोंद न राहता चूक ठरते आणि मेक थांबतो. ती मी लावली. नस्खची पळवाट काढून टाकली. फॉन्ट नसेल तर पुस्तिका निघू नये, एवढेच मला हवे आहे. तो फॉन्टही आता सूचीच्या फोल्डरमध्येच ठेवला आहे, म्हणजे यंत्राची साफसफाई करताना तो केरात जाणार नाही.

पण यातली कोणतीही किल्ली शेवटची तपासणी करत नाही. मधले कुठलेही एक पान उघडून उजवीकडून डावीकडे बोट ठेवून वाचणे, हे काम शिल्लक राहतेच. कातिबाच्या जमान्यात ते होत असे. यंत्राने शून्य दिले की आपण ते सोडून देतो.

वर्गातही मी हेच करत आलो आहे, हे कबूल केले पाहिजे. धडा संपल्यावर “समझ में आया?” असे विचारायचे, साठ जण एका सुरात “हाँ सर” म्हणतात. तो माझा शून्य. पुढे जायचे. ज्याला कळले नाही तो मूल कोरी जागा सोडून उतरवून घेतो आणि शाबासकीही मिळवतो. त्या मुलाने घरी तीनदा उतरवले, यात मला सगळ्यात जास्त लागले ते हेच. त्याला शंका आलीच असणार. ती बाहेर काढायची जागा मी ठेवली नव्हती.

पुस्तिका परत घेऊन पुन्हा छापायला पैसे नव्हते, आणि पालकांकडे दुसऱ्यांदा मागायला तोंड नव्हते. मी मुलांना सांगितले, “ग़लती मेरी है, किताब में हर्फ़ मैंने गिराए.” मग त्या मुलाचेच ऐकले. फळ्यावर सहा अक्षरे लिहिली, वर शीर्षक दिले ‘ख़ाली जगह पुर कीजिए’, आणि चार दिवस उर्दूच्या तासाला आम्ही सहाशे जागा लाल पेनने भरल्या. काही जागांवर वाद झाले. एका मुलीने माझ्या फळ्यावरची एक चूक काढली. ती चूक खरी होती. मी ती पुसली आणि तिला सांगितले की पुढच्या वर्षी छापण्याआधीची प्रत पहिल्यांदा तिच्याकडे येईल.